सूर्य किती वॅटचा? पत्र्याची डबी, पाणी आणि थर्मामीटर घेऊन गच्चीवरची मोजणी

माझी भाची नववीत होती. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवले, तेव्हा तिनं मागचं लेबल वाचलं आणि विचारलं, "मामा, हे पॅनेल ५४० वॅटचं. मग सूर्य किती वॅटचा?" आकडा पुस्तकात सापडतो, तो मी सांगितला. तिचा पुढचा प्रश्न होता, "पण तो मोजला कसा?"

त्या प्रश्नापायी आमचे दोन हिवाळे गेले. वाया गेलेला वेळ बहुतेक बारीकसारीक चुकांचा होता. त्या कुणी आधी सांगितल्या असत्या तर काम दोन दिवसांत झालं असतं, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे. नववी-दहावीचं गणित येत असेल तर तुम्हाला हे नक्की जमेल.

कल्पना जुनी आहे. १८३८ मध्ये क्लोद पुइये या फ्रेंच शास्त्रज्ञानं एका चपट्या डबीत पाणी भरलं, डबीचं तोंड काळं करून सूर्याकडे धरलं आणि पाणी किती तापतं ते पाहिलं. जॉन हर्शेलनंही त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या केपमध्ये अशी मोजणी केली होती. आपण पुइयेचाच मार्ग धरणार आहोत. पाण्याच्या तापण्यावरून डबीवर किती वॅट ऊन पडलं ते काढायचं. त्यावरून एका चौरस मीटरवर किती पडतं ते कळतं. मग वाटेत हवेनं अडवलेलं ऊन त्यात मिळवायचं आणि शेवटी सूर्याभोवतीच्या प्रचंड गोलाच्या क्षेत्रफळानं गुणायचं.

काय काय लागेल

- गोल, चपटी पत्र्याची डबी. आमची ९ सेंटिमीटर व्यासाची आणि ३ सेंटिमीटर उंचीची आहे. मिठाई-गोळ्यांची चालते. प्लास्टिकची नको.
- वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर, ०.१ अंश दाखवणारा. फिश टँकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो.
- फळ्याला देतात तो बिनचमकीचा काळा रंग
- एम-सील आणि एक रबरी बूच
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- थर्माकोल किंवा जुन्या टॉवेलच्या पट्ट्या (टॉवेल सोलापुरात कुणाच्या घरी नाहीत?)
- पुठ्ठा, एक लांब खिळा, पट्टी, मीटरभर सरळ काठी
- घड्याळ, वही आणि घात काढता येणारा कॅल्क्युलेटर. फोन आडवा केला की बहुतेक कॅल्क्युलेटरवर ती कळ दिसते.

तापाचा थर्मामीटर घेऊ नका. तो ३५ ते ४२ अंशांच्या आसपासच चालतो आणि काचेच्या थर्मामीटरमधला पारा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. आपल्याला चढणं आणि उतरणं दोन्ही हवं आहे.

१. दिवस आणि वेळ ठरवा

सोलापूर म्हटलं की एप्रिल-मे डोळ्यांपुढे येतो आणि प्रयोगाला तोच महिना चांगला असं वाटतं. आम्हीही आधी मेमध्येच केला. तेव्हा आकाश धुळीनं पांढुरकं असतं, टाकीतलं पाणी कढत असतं, गच्चीची फरशी खालून भाजत असते आणि दुपारनंतर ढग जमतात. हवा तापलेली असणं आणि ऊन स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारीच्या मध्यात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. आकाश गडद निळं असेल असा दिवस निवडा. सूर्य एखाद्या भिंतीच्या किंवा खांबाच्या आड गेल्यावर त्याच्या कडेचं आकाश दुधाळ दिसत असेल, तर तो दिवस सोडून द्या.

सोलापुरात सूर्य बाराच्या ठोक्याला माथ्यावर येत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आणि सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर, त्यामुळे सव्वीस-सत्तावीस मिनिटांचा फरक पडतो. शिवाय वर्षभरात हा फरक थोडा मागेपुढे होतो. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य साधारण १२.१० ला सर्वांत उंच असतो, जानेवारीच्या मध्याला १२.३५ ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२.४० ला. पहिली मोजणी त्या वेळेच्या आगेमागे करा. दुसरी मोजणी त्याच दिवशी चारच्या सुमारास करायची आहे, म्हणजे दिवसभर मोकळे असाल असाच दिवस धरा.

२. डबी तयार करा

झाकण डबीच्या मागच्या बाजूला ठेवायचं आणि सांधा नसलेला तळ सूर्याकडे. झाकणाला भोक पाडा, त्यात रबरी बूच बसवा आणि बुचातून सेन्सर आत सोडा. सेन्सर पाण्याच्या मधोमध लोंबला पाहिजे, पत्र्याला टेकता कामा नये. झाकणाची कड एम-सीलनं बंद करा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी पाणी भरून पालथी करून बघा. ठिपका जरी गळला तरी पुन्हा लिंपा, कारण बाहेर आलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं.

तळाला काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्या. पुइयेनं काजळी वापरली होती. आम्ही कापूर जाळून तीही धरून पाहिली. ती फार छान काळी होते, पण बोट लागलं की पुसली जाते आणि मग आधीची आणि नंतरची मोजणी जुळत नाही. रंग बरा. बिनचमकीचा काळा रंग पडलेल्या उन्हापैकी सुमारे ९५ टक्के शोषतो असं धरा.

बाजू आणि पाठ थर्माकोलनं किंवा टॉवेलच्या पट्ट्यांनी नीट गुंडाळा. फक्त काळं तोंड उघडं राहू द्या.

डबीच्या आधी आम्ही स्टीलच्या ताटलीत पाणी घेऊन उन्हात ठेवलं होतं. उत्तर चौरस मीटरला जेमतेम ४०० वॅट आलं. चकचकीत स्टीलनं ऊन परतवलं आणि उघड्या पाण्याची वाफ होत राहिली. बंद डबी आणि काळं तोंड यांना पर्याय नाही.

३. वजन आणि व्यास

रिकामी डबी तोला, पाणी भरा, पुन्हा तोला. आमची डबी ६० ग्रॅम आणि पाणी १८० ग्रॅम. आत किंचित जागा रिकामी ठेवा, म्हणजे डबी हलवली की पाणी ढवळलं जाईल.

काळ्या तोंडाचा व्यास तीन दिशांनी मोजून सरासरी घ्या. व्यासात १ मिलिमीटरची चूक झाली तर क्षेत्रफळात २ टक्क्यांहून जास्त चूक होते.

पाणी सावलीतल्या हवेपेक्षा दीड-दोन अंश थंड घ्या. माठातलं थोडं पाणी मिसळून ते जमतं. त्यामुळे पहिल्या अर्ध्या भागात पाणी हवेपेक्षा थंड आणि नंतरच्या अर्ध्या भागात गरम राहतं. हवेशी होणारी देवाणघेवाण बरीचशी आपोआप फिटते.

४. तोंड सूर्याकडे

सूर्याकडे पाहायचं नाही, गॉगल घालूनही नाही. डबी ज्या पुठ्ठ्यावर बसवली आहे, त्याच पुठ्ठ्यावर एक खिळा बरोबर काटकोनात उभा करा. पुठ्ठा तिरका करत जा. खिळ्याची सावली लहान होत होत नाहीशी झाली की डबीचं तोंड सरळ सूर्याकडे आहे. विटांच्या किंवा उशीच्या आधारानं ते तसंच ठेवा आणि दर तीन-चार मिनिटांनी सावली पुन्हा तपासा.

वारा अडवा. कठड्याच्या आडोशाला बसा, पण कठड्याच्या पांढऱ्या चुन्यावरून परतलेलं ऊन डबीवर येत नाही ना ते पाहा.

५. सावली, ऊन, सावली

सगळा प्रयोग या पायरीवर उभा आहे. नुसतं उन्हात ठेवून पाणी किती तापलं ते मोजणं पुरेसं नाही. डबीवर सूर्याखेरीज आकाशाचा उजेड पडतो, फरशीची झळ लागते आणि डबीतली उष्णता वाऱ्याबरोबर जातही असते. त्यांतलं सूर्याचं किती आणि इतरांचं किती हे उन्हात बसून कळत नाही. ते सावलीत कळतं.

डबी जागेवरून न हलवता, तिच्यापासून हातभर अंतरावर पुठ्ठा असा धरा की फक्त सूर्य झाकला जाईल. १० मिनिटं थांबा आणि दर मिनिटाला तापमान लिहा. मग पुठ्ठा काढा आणि १० मिनिटं ऊन द्या. मग पुन्हा १० मिनिटं पुठ्ठा धरा. वाचन घेण्याआधी दर वेळी डबी हलकेच हलवा, नाहीतर काळ्या तोंडाजवळचं पाणी गरम आणि मागचं थंड राहतं.

सावलीसाठी डबी जिन्यात किंवा खोलीत नेऊ नका. तिथे आकाश नाही, वारा वेगळा, झळ वेगळी. पहिल्या हिवाळ्यात आम्ही हेच करत होतो आणि दोन दिवसांची उत्तरं एकमेकांशी कधीच जुळत नव्हती. पुठ्ठा अगदी डबीला चिकटवून धरणंही चूक, कारण मग तो आकाशही झाकतो.

फेब्रुवारीतल्या एका दुपारची आमची वही:

सुरुवात २९.४ अंश
सावलीची १० मिनिटं झाल्यावर २९.६ (०.२ वाढ)
उन्हाची १० मिनिटं झाल्यावर ३३.७ (४.१ वाढ)
पुन्हा सावलीची १० मिनिटं झाल्यावर ३३.३ (०.४ घट)

सावलीतल्या दोन बदलांची सरासरी म्हणजे अधिक ०.२ आणि उणे ०.४ यांची सरासरी, उणे ०.१. म्हणजे ऊन देत असतानाही डबी इतर मार्गांनी सरासरी ०.१ अंश गमावत होती. ते परत मिळवलं की सूर्याची खरी वाढ ४.२ अंश.

६. अंशांचे वॅट करा

१ ग्रॅम पाणी १ अंशानं तापवायला ४.१८ ज्यूल लागतात. लोखंडी पत्र्याला ०.४५.

पाणी: १८० × ४.१८ = ७५२
डबी: ६० × ०.४५ = २७
एकूण: दर अंशाला ७७९ ज्यूल

४.२ अंशांसाठी ३२७२ ज्यूल. १० मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, म्हणून ३२७२ ÷ ६०० = ५.४५ वॅट.

तोंडाचं क्षेत्रफळ: ३.१४ × ४.५ × ४.५ = ६३.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००६३६ चौरस मीटर. ५.४५ ला त्यानं भागलं की ८५७. रंगानं ९५ टक्केच शोषलं, म्हणून ०.९५ नं भागा: चौरस मीटरला सुमारे ९०२ वॅट.

इथे दोन खड्डे आहेत. त्रिज्येऐवजी व्यास घातला तर उत्तर चौपट लहान येतं. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०० नं नाही, १०,००० नं भागायचं असतं.

भाचीला हा आकडा लगेच ओळखीचा वाटला. सोलर पॅनेलवर लिहिलेले वॅट हे चौरस मीटरला १००० वॅट ऊन पडतंय असं धरूनच दिलेले असतात. आपण त्याच्या जवळपास आलो, म्हणजे डबी ठीक चालते आहे. तुमचं उत्तर ६०० च्या खाली किंवा ११०० च्या वर आलं तर पुढे जाऊ नका, मागच्या पायऱ्या तपासा.

७. हवेनं अडवलेलं ऊन परत मिळवा

९०२ हे गच्चीवर पोचलेलं ऊन झालं. वाटेत हवेनं, धुळीनं, वाफेनं किती अडवलं? त्यासाठीच दुसरी मोजणी. चार वाजता सूर्य तिरका असतो, ऊन जास्त हवेतून येतं आणि तेवढं कमी पोचतं. या दोन वाचनांवरून "हवा मुळीच नसती तर" हा आकडा काढता येतो.

हवेची जाडी काठी सांगते. मीटरभर काठी ओळंब्यात उभी करा आणि तिची सावली मोजा. काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर भागिले काठीची उंची म्हणजे ऊन डोक्यावरच्या सरळ हवेच्या किती पट हवेतून आलं ते. पायथागोरसनं तिरकं अंतर निघतं. फेब्रुवारीच्या मध्याला दुपारी सावली ०.५९ मीटर होती, म्हणजे १.१६ पट. चारनंतर थोड्या वेळानं सावली १.७३ मीटर झाली, तेव्हा बरोबर २ पट.

दुसऱ्या वेळी आमची खरी वाढ ३.४ अंश आली. वरच्याच हिशेबानं चौरस मीटरला ७३१ वॅट.

आता कॅल्क्युलेटर घ्या:

९०२ ÷ ७३१ = १.२३४. हवा १.१६ पटीवरून २ पट झाली, म्हणजे ०.८४ नं वाढली, तेव्हा ऊन इतक्या पटीत घटलं.
आपल्याला दुपारची १.१६ पट हवा पूर्ण काढायची आहे. १.१६ ÷ ०.८४ = १.३८.
१.२३४ चा १.३८ वा घात = १.३४.
९०२ × १.३४ = सुमारे १२०८ वॅट.

हवेबाहेर, एका चौरस मीटरवर, पृथ्वीच्या अंतरावर. उपग्रहांनी मोजलेला आकडा १३६१ आहे. पुइयेला १२२८ मिळाला होता. आमचा १२०८.

आपला आकडा कमी येण्यामागे निव्वळ हातचूक नसते. पीठ चाळण्यावरून हे समजेल. ज्वारीचं पीठ एका चाळणीतून काढलं की कोंडा वर राहतो. तेच पीठ तशाच दुसऱ्या चाळणीतून काढलं तर आणखी काही अडकत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या चाळणीनंतरचं पीठ तोलून कुणी म्हणेल, "चाळणी काहीच अडवत नाही." हवेतली पाण्याची वाफ सूर्याचे काही अवरक्त किरण असेच सुरुवातीलाच जवळजवळ पूर्ण अडवते. दुपारी आणि चार वाजता आपण जे मोजतो, त्यात ते किरण आधीच गेलेले असतात, म्हणून आपल्या गुणोत्तरात ते येत नाहीत. डबीनं १० ते १५ टक्के कमी दाखवणं स्वाभाविक आहे.

एवढं कळल्यावर मोह होतो की रंग ९५ ऐवजी ८५ टक्के शोषतो असं धरावं, म्हणजे पुस्तकातल्या आकड्याजवळ जाता येईल. कृपा करून ते करू नका. वहीत जे आलं तेच ठेवा.

८. सूर्याभोवती गोल काढा

सूर्य सगळ्या दिशांना सारखाच प्रकाशतो. पृथ्वीच्या अंतराएवढ्या त्रिज्येचा गोल त्याच्याभोवती कल्पा. त्या गोलाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १२०८ वॅट पडतात, म्हणून गोलाचं क्षेत्रफळ गुणिले १२०८ म्हणजे सूर्याची एकूण शक्ती.

अंतर तेवढं आपण उसनं घेतो: सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर. त्याचे मीटर करा, म्हणजे १४,९६० कोटी मीटर. हा टप्पा मी एकदा विसरलो आणि किलोमीटर तसेच घातले. वर्ग होत असल्यानं उत्तर १० लाख पटींनी लहान आलं आणि चूक शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

४ × ३.१४ × अंतराचा वर्ग = २.८१ गुणिले १० चा २३वा घात, इतके चौरस मीटर. त्याला १२०८ नं गुणलं की ३.४ गुणिले १० चा २६वा घात, इतके वॅट. म्हणजे ३४ वर २५ शून्यं. आज मान्य असलेला आकडा ३.८३ गुणिले १० चा २६वा घात. फरक ११ टक्क्यांचा.

शून्यं मोजून अंदाज येत नाही, म्हणून आम्ही जवळचं माप घेतलं. सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्राची क्षमता १३२० मेगावॅट. आमच्या उत्तरात तशी केंद्रं किती बसतात, तर सुमारे २,५८० कोटी-कोटी. भाचीनं कोटीला कोटीनं गुणायचं आहे ना हे दोनदा विचारून घेतलं. हो, गुणायचंच आहे.

(जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब. फेब्रुवारीत त्यामुळे ऊन सरासरीपेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जास्त असतं. आपल्या चुकांपुढे ते लहान आहे, पण नोंद करा.)

९. घाई असेल तर बल्बनं पडताळा

जुना तारेचा १०० वॅटचा बल्ब घरात असेल तर अजून एक सोपी चाचणी करता येते. दुपारी डोळे मिटून एक गाल सूर्याकडे करा आणि ऊब लक्षात ठेवा. मग खोलीत बल्ब लावून तेवढीच ऊब गालाला लागेल इतक्या जवळ जा. दुसऱ्या कुणालातरी तारेपासून गालापर्यंतचं अंतर मोजू द्या. चौरस मीटरला ९०० वॅट मिळायला ते अंतर साधारण ९.४ सेंटिमीटर यायला हवं, ६० वॅटच्या बल्बला ७.३. आम्हा तिघांची उत्तरं ८ ते ११ च्या दरम्यान आली. इतक्या ढोबळ पद्धतीला हे पुष्कळ झालं.

एलईडी बल्ब चालणार नाही, त्याची उष्णता मागच्या बाजूनं जाते. कागदावर तेलाचा डाग पाडून एका बाजूनं सूर्य आणि दुसऱ्या बाजूनं बल्ब अशी तुलनाही करतात. ती दिसणाऱ्या उजेडाचीच असते आणि तारेचा बल्ब बहुतेक शक्ती उष्णतेतच घालवतो. त्यामुळे डाग नाहीसा व्हायला बल्ब फारच जवळ, तीन-चार सेंटिमीटरवर आणावा लागतो आणि हिशेब बराच चुकतो. गालाला उष्णता कळते, म्हणून इथे गालच बरा. बल्बला गाल टेकवू नका, आणि लहान मुलांना हे एकट्यानं करू देऊ नका.

१०. वहीत काय लिहायचं

शाळेच्या प्रकल्पासाठी करत असाल तर नुसतं उत्तर देऊ नका. तारीख, वेळ, काठीची सावली, आकाश कसं होतं, वारा होता का, दर मिनिटाचं तापमान, डबीचं आणि पाण्याचं वजन, व्यासाची तिन्ही मापं, हे सगळं द्या. उत्तराखाली "१५ टक्के इकडेतिकडे" असं स्पष्ट लिहा. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. तिन्ही आकडे शेजारीशेजारी मांडा, आणि एखादा दिवस फारच वेगळा आला तर तो खोडू नका, त्या दिवशी काय वेगळं होतं ते शेजारी लिहा. आमच्या वहीत असा एक दिवस आहे. उत्तर निम्म्यानं कमी आलं होतं. नंतर पाहिलं, तर एम-सीलला केसाएवढी भेग होती आणि टॉवेलची पट्टी ओली झाली होती.